मिठाआधीचं पाणी

बस्त्यावकाकांनी मला पहिल्यांदा पाजलं ते पाणी. मी गेलो होतो त्यांची दारू पकडायला.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर माझ्याकडे एक पत्रक तयार होतं. वटार गावी आमच्या ओटीवर सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. वडील शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी पत्रकं काढायचे. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. माझ्या थोरल्या चुलतभावाची, नानाची नजर हातभट्टीच्या दारूनं गेली होती. तो दिवसभर आमच्याच ओटीवर बसायचा आणि पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचा. त्यामुळे दारू हा माझ्यासाठी चर्चेचा विषयच नव्हता. दारू म्हणजे नाना.

आमच्या दारूबंदीवाल्या युवक मंडळाला कळलं, की भुईगावात बस्त्याव नावाचा एक म्हातारा घरी बिअर करतो. आमचा पुढारी दिगू म्हणाला, "तू जा. भोळा चेहरा आहे तुझा. सगळं बघून ये, मग दणक्यात पत्रक काढू."

भोळा चेहरा घेऊन मी सायकलवर निघालो. वाडीच्या अरुंद वाटेनं गेलो, तर विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे पाणी ओतायच्या दगडी कुंडाच्या काठावर, एक उंच, वाकलेला माणूस अर्ध्या चड्डीत बसून ओले जव चाळत होता. मी सांगितलं, "मला शिकायचंय." त्यांनी का, कशाला, कुणाचा कोण, काहीही विचारलं नाही. आत गेले आणि चार पेले भरून आणून माझ्यापुढे ठेवले.

"काय आहे ते सांग."

मी चाखलं. "पाणी."

"ते म्हशीलाही कळतं. कुठलं पाणी?"

मी चक्रावलो. पाणी कुठलं म्हणजे? त्यांनी एकेका पेल्यावर बोट ठेवलं. हे माझ्या विहिरीचं. हे मागच्या बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं. हे कळंबच्या बाजूचं, समुद्राजवळचं. आणि हे वटारचं. मग मला पाठमोरं बसवून पेले फिरवले आणि पुन्हा विचारलं. मी चारही चुकलो. ज्या पाण्यावर वीस वर्षं वाढलो, ते वटारचं पाणीही मला ओळखता आलं नाही.

"परवा ये," ते म्हणाले.

परवाही पाणीच. तिसऱ्या खेपेलाही पाणी. मी वैतागून म्हणालो, "काका, बिअर कधी?"

"आधी पाणी. मग बाकी सगळं."

आतून मरियानकाकूंचा आवाज आला. त्या अर्नाळ्याच्या कोळ्यांतल्या. "अरे पोरा, कुनाच्या नादी लागलास? जहाजावरनं लोक कापडं आनतात, घड्याळं आनतात. ह्यानं कडू फुलं आनली. आन वर सगळ्या गावाला पानी पाजतो!"

काका जहाजावर पाववाले होते. खलाशांसाठी पहाटे पाव भाजायचे. एकदा युरोपातल्या कुठल्याशा थंड बंदरात जहाजाचं इंजिन बिघडलं आणि सगळा हिवाळा तिथे काढावा लागला. ते ज्या घरात राहिले, त्याच्या तळघरात एक म्हातारा बिअर करायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. यांनी त्याला कणीक फुगवून दाखवली, त्यानं यांना जव भिजवून दाखवले. "खमीर दोघांचंच सारखं होतं. मग बोलायला काय लागतं?" एवढंच ते त्या हिवाळ्याबद्दल सांगायचे. ते काय काय शिकले, हे मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. शेवटचा तुकडा कळला तो फार उशिरा.

त्यांची रीत मी आमच्या पत्रकासाठी वहीत लिहून घेत होतो. दिवाळीनंतर हवा थंड पडली की काम सुरू. मटकीला आणतात तसे जवाला मोड आणायचे, गोणपाटात. मोड दाण्याएवढे झाले की उन्हात वाळवायचे, हातानं चोळून मुळं झाडायची, तव्यावर भाजायचे. काही नुसते कोमट, काही पावाच्या कडेसारखे लाल, मूठभर अगदी काळे. जात्यावर भरड काढायची. हंड्यात पाणी उकळायचं आणि मग चुलीवरून उतरवून वाट बघायची.

"किती वेळ?" मी पेन सरसावून विचारलं.

"इकडे ये. वाकून बघ. काय दिसतं?"

"वाफ."

"थांब मग."

आम्ही दोघं हंड्यावर वाकून उभे. हळूहळू वाफ विरळ झाली आणि पाण्यात आधी त्यांचं टक्कल दिसलं, मग माझा भोळा चेहरा. "आता," ते म्हणाले आणि भरड ओतली. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. पाण्यात स्वतःचा चेहरा दिसला की धान्य टाकायचं. मी ते वहीत लिहिलं आणि लिहिताना मला कसंतरी झालं. बाकी काही नाही, पण मी तिथे हेर म्हणून उभा होतो.

मग भरडीचं गोडसर पाणी गाळून पुन्हा उकळायचं, त्यात ती कडू फुलं टाकायची. काकांचा भाचाही जहाजावर होता, तो ती बिस्किटांच्या डब्यातून आणायचा. एका वर्षी भाचा आलाच नाही, तर काकांनी काडेचिराईत वापरून बघितलं. "ते प्यायला आलेले सगळे सात दिवस ताप आल्यासारखे दिसत होते," काकू सांगायच्या. नंतर रांजणात खमीर घालून तोंडाला फडकं बांधायचं. पंधरा दिवस रांजणाकडे बोटही न्यायचं नाही.

पहिला खरा पेला मला मिळाला तो सहाव्या भेटीत. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कारलं खाताना करतोस का असं तोंड?"

"कारलं भाजी आहे."

"गिळू नको लगेच. घाई घशाला असते, जिभेला नसते. थांब. काय येतं?"

मी थांबलो. आधी पावाची करपलेली कड आली. मग भाजलेल्या शेंगदाण्याची साल. आणि मग, मी चमकलोच, पिकलेल्या राजेळी केळ्याचा वास. आमच्या माळ्यावर केळी पिकायला ठेवली की घरभर सुटतो तोच.

"केळं घातलंय तुम्ही!" मला वाटलं चोरी पकडली.

"नाही घातलं."

"मग वास?"

"खमिरानं केला. त्या आठवड्यात जरा उकडत होतं. खमिराला गरम झालं की ते केळ्याची आठवण काढतं."

माझा विश्वास बसेना. पत्रकात दारू फक्त एकाच प्रकारची असते, विष. हा माणूस त्या विषात मला हवा सांगत होता, धान्य सांगत होता, विहीर सांगत होता. आणि चढली म्हणाल तर काहीच नाही, कारण दुसरा पेला कुणालाही मिळत नसे. जहाजावरचा एक जाड काचेचा पेला होता, त्याच्यावर एक रेघ. रेघेपर्यंत एक. माणूस कितीही मोठा असो. विकायची तर बातच नाही.

एकदा गावातला एक बडा बागायतदार आला. मुलीचं लग्न, मांडवात बस्त्यावची बिअर हवी. सोमवारी लग्न.

"बुधवारी तयार होईल," काका म्हणाले.

"अरे पण लग्न सोमवारी आहे!"

"मग पोरीला विचारा, दोन दिवस थांबते का."

"पोर थांबंल," काकू आतून ओरडल्या, "नवरा थांबंल का ते बघा!"

बागायतदार रागानं निघून गेला. काका जव चाळत राहिले. घरी असं काही करणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ते लपवत नाही. ते संत नव्हते. आळशी माणसांचा त्यांना तिटकारा होता, फुलं आणणाऱ्या भाच्याशीही वर्षानुवर्षं भांडण होतं, आणि माझ्या बोलण्यातला प्रत्येक मोठा शब्द ते असा चाखायचे, की मला तो परत घ्यावासा वाटायचा. "शोषण" म्हटलं की विचारायचे, "कुणाचं? नाव सांग." "समाज" म्हटलं की, "कुठल्या गल्लीतला?"

त्या हिवाळ्यात वाडीच्या रस्त्यानं टँकर जायला लागले. नालासोपारा, विरारकडे इमारती उठत होत्या आणि इमारतींना पाणी लागत होतं. शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर मोठा पंप बसला. दिवसातून किती खेपा होतात ते कुणी बघत नव्हतं. काका मात्र टँकर गेला की हातातलं काम थांबवून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे.

हिवाळ्याच्या शेवटच्या रांजणातला पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी घोट घेतला. तोवर मला थोडं कळायला लागलं होतं.

"काका, ही सगळ्यात छान झालीय. भरल्यासारखी. गोडही आहे जरा."

त्यांचा चेहरा उतरला. असा उतरला, की मी पेला खाली ठेवला.

"तुलाही कळलं," ते म्हणाले. "सगळे हेच म्हणतात. छान झालीय. मी काही वेगळं केलेलं नाही. तेच जव, तीच फुलं, तेच मोजमाप."

"मग?"

"मीठ. कणभर मीठ पडलं की शिऱ्याची गोडी वाढते ना? तसं. पंप गोडं पाणी उपसतोय आणि विहिरीत समुद्र शिरतोय. आत्ता गोड लागतंय. दोन वर्षांनी केळी जळतील."

मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. मला काही लागलं नाही. काकूंना नाही. गावात कुणालाच नाही. ते म्हणाले, "जिभेवर कोण विश्वास ठेवणार? पण दाखवायला आहे माझ्याकडे. वेळ आली की दाखवीन." आणि मागच्या खोलीकडे बघितलं.

मागच्या खोलीत वाळूचा वाफा होता आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या बाटल्यांच्या रांगा. बुचावर लाख, गळ्याला चिठ्ठी. मी एकदा दारातून बघितल्या होत्या. "ही माझी खरी कमाई," ते म्हणाले होते. मी समजलो, सगळ्यात जुनी, सगळ्यात कडक दारू. विचारलं नाही. चार महिने त्या माणसानं मला एकच गोष्ट शिकवली होती, आधी चाख आणि मग बोल. आणि मी चाखलं नाही.

मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. खरं म्हणजे सांगायचं नव्हतं. काका मला आवडायला लागले होते आणि त्याचीच मला लाज वाटत होती. नानाला काय तोंड दाखवू? दिगू म्हणाला, "नुसतं पत्रक नको. आता फोडायचंच." आणि आज मला लिहिलंच पाहिजे, की खाडीकाठी ज्या भट्ट्यांनी नानाची नजर घेतली, त्या आम्हाला नावानिशी माहीत होत्या. तिथे कोयते होते. भुईगावात एक म्हातारा आणि एक म्हातारी होती. म्हणून आम्ही भुईगाव निवडलं. याला आम्ही तत्त्व म्हणत होतो.

रविवारी सकाळी ते दोघं चर्चमध्ये मिस्साला गेलेले असताना आम्ही बाराजण गेलो. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. वाट मी दाखवली.

रांजण पालथे घातलेले होते. हंडा घासून उपडा. आत थेंब नव्हता. उपवासाचा काळ सुरू झाला होता, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस काका बिअर करतही नसत आणि पीतही नसत. मला ते ठाऊकच नव्हतं. दिगू माझ्यावर भडकला. मग मी मागच्या खोलीकडे बोट केलं.

वाळूतून बाटल्या उपटून आम्ही विहिरीच्या थारोळ्यावर आपटायला लागलो. घोषणा चालू होत्या. पाचसहा फुटल्या आणि मी घोषणा सोडून हुंगायला लागलो. वास येत नव्हता. दारूच्या इतक्या बाटल्या फुटल्या, तर आळी घमघमायला हवी. नुसता दगड ओला झाला होता. दिगूनं बोट बुडवून चाटलं.

"पाणी आहे हे."

सगळे थांबले. 

"पुढची फोड," दिगू म्हणाला. "एखादीत असेलच."

आणि आम्ही फोडत गेलो. प्रत्येक बाटलीत दारू निघावी म्हणून मी मनातून प्रार्थना करत होतो. मी, ज्यानं कधी देवाला हात जोडले नव्हते. शेवटची मीच फोडली. पाणी.

तेवढ्यात ते दोघं आले. काकांच्या अंगात पांढरा सदरा, काकूंचं लाल लुगडं. काकू किंचाळल्या आणि दिगूच्या अंगावर धावल्या. काका धावले नाहीत. त्यांनी खाली बसून एक गळ्याचा तुकडा उचलला, चिठ्ठी सदऱ्यानं टिपली, वाचली आणि दुसरा उचलला.

"ह्यात पाणी होतं, पोरा," ते मला म्हणाले. फक्त मला. "जहाज सोडून आलो त्या वर्षापासूनचं. बिअरच्या दर खेपेला एक बाटली. तिकडच्या म्हाताऱ्यानं शिकवलेलं."

"पाणी कोण जपून ठेवतं?" दिगू म्हणाला.

"पाणी बदलतं म्हणून."

त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटत होतं त्यांनी मारावं. ते काचा गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. 'भुईगावातील दारूचा साठा युवकांनी केला नष्ट.' स्टेन्सिल मी कापली. 'दारूचा' हा शब्द कापताना माझा हात थांबला होता, हे मला स्वच्छ आठवतं. मग मी तो कापला. वडिलांनी वाचून पाठीवर थाप मारली. नाना म्हणाला, "वाचून दाखव रे मला." मी वाचून दाखवलं.

काका म्हणाले होते दोन वर्षं. दुसऱ्या उन्हाळ्यात भुईगावच्या केळीची पानं कडेनं करपली. विहिरीचं पाणी आता कुणालाही कळत होतं. डाळ शिजेना, चहा फाटायला लागला. गावानं अर्ज केला आणि पावसाळा उलटून दिवाळीनंतर एक सरकारी अधिकारी आला. शाळेच्या वर्गात सभा भरली. मी मागच्या बाकावर होतो. सगळे एकदम ओरडत होते. अधिकारी म्हणाला, "इथे समुद्रकाठ आहे. पाणी पहिल्यापासूनच खारट नव्हतं, कशावरून? टँकर सुरू होण्याआधीच्या पाण्याचा काही पुरावा आहे?"

 काका उभे राहिले.

"होता."

"होता म्हणजे?"

"दर वर्षाची बाटली होती, तारीख घालून. आता नाही."

तेव्हा पुढच्या खुर्चीवरून टँकरमालक उठला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. लांबूनही मी माझं अक्षर ओळखलं. "साहेब, हा कुठल्या बाटल्यांबद्दल बोलतोय ते ऐका." आणि त्यानं माझं पत्रक वाचायला सुरुवात केली. माझं प्रत्येक वाक्य. माझी उद्गारचिन्हंसुद्धा तो आवाज चढवून वाचत होता. लोक हसायला लागले. ज्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या तेही हसले. ते मला अजून पचत नाही.

मी उभा राहिलो.  "ते पत्रक मी लिहिलंय. ते खोटं आहे. बाटल्यांत पाणी होतं. मी स्वतः फोडल्यात."

 मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "किती पेले लावून आलास रे म्हाताऱ्याकडे?"

वर्ग फुटला हसून. अधिकाऱ्यानं कागद गोळा केले. टँकरमालकानं माझं पत्रक पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवलं.

बाहेर काका माझ्यासाठी थांबले होते. दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"एकच, म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "माझ्याकडे दुसरा मिळत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

मला हसू आलं नाही. त्यांनाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "रविवारी ये. मिस्सानंतर. पेन घेऊन."

मंडळ मी सोडलं. दुरुस्तीचं पत्रक काढलं, तर दिगूनं मंडळाच्या नावावर छापू दिलं नाही. मी स्वतःच्या नावावर काढलं आणि घरोघर वाटलं. किती जणांनी वाचलं माहीत नाही. आधीचं सगळ्यांनी वाचलं होतं. नानाला मी दुसरंही वाचून दाखवलं. त्यानं कागद हातात घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "खाडीकाठच्यांचं कधी लिहिणार आहेस?" ते मी त्यानंतर लिहिलं, नावांसकट. पण ती गोष्ट काकांची नाही.

सभेनंतरच्या रविवारी मी गेलो. हिवाळ्याची सुरुवात होती, मोड आणायचे दिवस. उपवासाचा काळ कुठल्या कुठे दूर होता, तरी हंडा पालथा पडलेला, रांजण पालथे, गोणपाटं घडी घालून ठेवलेली. मी हंड्याकडे बघत उभा राहिलो. ते बघून मला सभेपेक्षा मोठा धक्का बसला.

"ह्या पाण्याची होत नाही," काका म्हणाले. बाकी काही नाही.

थारोळ्यावर एक धुतलेली बाटली होती. त्यांनी पोहरा सोडला, वर ओढला, बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच ठोकलं आणि मेणबत्तीवर लाख वितळवून वर ओतली. मग मला चिठ्ठी दिली.

"तुझं अक्षर चांगलं आहे. लिही."

"काय लिहू?"

"तारीख. विहीर. चव."

मी तारीख लिहिली. विहीर लिहिली. मग 'खारट' लिहायला गेलो, तर त्यांनी मनगट धरलं.

"चाखलंस?"

त्यांनी पोहऱ्यातलं उरलेलं पाणी त्या रेघेच्या पेल्यात ओतून दिलं. मी घोट घेतला, गिळला नाही, थांबलो. मग लिहिलं, 'खारट.'

"किती? नुसतं खारट वाचून पुढच्याला काय कळणार?"

मी विचार केला आणि लिहिलं, 'तांब्याभर पेजेत चिमूटभर मीठ.'

त्यांनी पेल्यातलं उरलेलं स्वतः चाखलं. डोळे मिटून, बराच वेळ. "अर्धी चिमूट," ते म्हणाले. मी खोडून अर्धी केलं.

काकूंनी आतून विचारलं, "आता कुनाला दाखवनार हाय ते?"  काकांनी चिठ्ठी बाटलीच्या गळ्याला बांधली, उन्हात धरून एकदा आरपार बघितली आणि मागच्या खोलीत गेले. मी दारात उभा होतो, आधी एकदा उभा राहिलो होतो तिथेच. वाळूचा वाफा पूर्ण रिकामा होता. ते गुडघ्यांवर बसले, अगदी कोपऱ्यात खळगा केला, बाटली त्यात उभी केली आणि तिच्या शेजारची वाळू पुढच्या बाटलीसाठी तळहातानं सारखी करत राहिले.